फिरोजी रंग स्वच्छ कसा कालवायचा: छटा ठरवण्यापासून कोरड्या पट्टीपर्यंत

निळ्यात थोडा हिरवा आणि वरून पांढरा, एवढीच कृती बहुतेकांना सांगितलेली असते. त्या कृतीने फिरोजी क्वचितच साधतो. हाती येतो तो मळकट राखाडी-निळा, नाहीतर खडूसारखा निस्तेज हिरवा. मग आणखी थोडा निळा, आणखी थोडा पांढरा असं करत पॅलेटवर ढीग वाढत जातो आणि रंग जिथल्या तिथेच राहतो.

गफलत जवळजवळ नेहमी दोन ठिकाणी होते. निळा चुकीचा निवडलेला असतो, आणि पांढऱ्यात निळा घालण्याऐवजी निळ्यात पांढरा ओतलेला असतो. या दोन गोष्टी सुधारल्या की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे कोणता फिरोजी हवा हे आधी ठरवणं आणि रंग वाळेपर्यंत निर्णय न घेणं. खालची कृती ॲक्रिलिक डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. जलरंगात जिथे फरक पडतो तिथे तो वेगळा सांगितला आहे.

## टप्पा १: कोणता फिरोजी हवा ते ठरवा

फिरोजी ही एकच छटा नाही. एका टोकाला जवळजवळ आकाशी, दुसऱ्या टोकाला हिरवट, आणि गडद होत गेला की मोरपंखी, असा तो मोठा पट्टा आहे. ज्या फिरोजा खड्यावरून हा रंग ओळखला जातो त्यातही तेच दिसतं. खड्यातला निळेपणा तांब्यामुळे येतो, आणि लोहाचं प्रमाण वाढलं की खडा हिरव्याकडे झुकतो. शिवाय खडा सच्छिद्र असतो. वर्षानुवर्षं अंगावर वापरला की त्वचेचं तेल आणि घाम शोषून तो आणखी हिरवट होतो. म्हणून जुना दागिना रंगवताना नव्या खड्याचा निळा वापरला तर चित्र खोटं वाटतं.

विषय एखाद्या संस्कृतीशी जोडलेला असेल तर छटेची निवड आणखी नेमकी करावी लागते, कारण त्या रंगाचा अर्थ आणि त्याचा शेजार दोन्ही तिथे ठरलेले असतात.

इराण आणि मध्य आशिया. निशापूरचा नावाजलेला खडा म्हणजे स्वच्छ आकाशी, रेषा जवळजवळ नसलेला. विजय आणि वाईट नजरेपासून रक्षण, हे अर्थ तिथे या रंगाला चिकटलेले आहेत. इस्फहानच्या शाह मशिदीचा घुमट किंवा समरकंदच्या गुर-ए-अमीरचा पन्हळीदार घुमट रंगवायचा असेल तर निळ्याकडे झुकलेला फिरोजी घ्या आणि त्याच्या शेजारी गडद कोबाल्ट निळा ठेवा.

प्राचीन इजिप्त. इथे रंग हिरव्याकडे सरकतो. सिनाईतल्या सेराबित अल-खादिम इथे खाणींजवळ हाथोर देवीचं मंदिर आहे आणि तिथे ती ‘फिरोजाची स्वामिनी’ म्हणून पुजली जाई. नवी पालवी, आनंद, पुनर्जन्म यांच्याशी हा रंग जोडलेला होता. इजिप्शियन दागिन्यांत तो एकटा क्वचितच दिसतो. गडद निळा लाजवर्द आणि तांबूस कार्नेलियन हे खडे त्याच्या जोडीला असतात. हे दोन रंग सोडून नुसता फिरोजी लावला तर तो इजिप्तचा वाटत नाही.

तिबेट. हिरवट, काळपट रेषांचा खडा, लाल पोवळ्याच्या शेजारी. अंगावर बाळगायचं रक्षण म्हणून त्याला मोल आहे.

नवाहो. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या या मूळ रहिवाशांच्या चार पवित्र पर्वतांपैकी दक्षिणेचा त्सूडझिल हा फिरोजाचा पर्वत मानला जातो. इथे रंग चांदीबरोबर येतो आणि खड्यावर तपकिरी किंवा काळ्या रेषांचं जाळं असतं. त्या रेषा सफाईसाठी गाळू नका, त्यांच्यावरून खड्याची ओळख पटते.

अझ्टेक. मेक्सिकोतल्या या प्राचीन लोकांचा अग्नी आणि वर्षाचा देव शिउहतेकुत्ली याच्या नावातच फिरोजा आहे. त्यांच्या कुट्टीकामात, म्हणजे मोझेइकमध्ये, शेकडो लहान तुकडे असतात आणि प्रत्येकाची छटा किंचित वेगळी असते. असं काम रंगवायचं तर एकच मिश्रण पुरणार नाही. एक निळसर, एक मधला, एक हिरवट अशी तीन करून ठेवा.

तपासणी: पुढे जाण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा. उदाहरणार्थ, ‘हिरवट, मध्यम गडद, थोडा मंद, शेजारी तांबूस.’ हे वाक्य लिहिता येत नसेल तर ट्यूबचं झाकण उघडू नका.

## टप्पा २: ट्यूबवरचा सांकेतिक क्रमांक वाचा

रंगाच्या नावावर विसंबू नका. नावं कंपनीनुसार बदलतात, पण ट्यूबवर बारीक अक्षरात छापलेला रंगद्रव्याचा क्रमांक बदलत नाही. त्यातली अक्षरं रंगाचा गट सांगतात: पीबी (PB) निळा, पीजी (PG) हिरवा, पीडब्ल्यू (PW) पांढरा, पीवाय (PY) पिवळा, पीबीआर (PBr) तपकिरी.

निळा: थालो (थॅलोसायनिन) ब्लूची हिरवट छटा, क्रमांक पीबी १५:३. याच्यात लाल अंश जवळजवळ नसतो, आणि तेच आपल्याला हवं आहे. हे रंगद्रव्य तांब्याचंच संयुग आहे.

हिरवा: थालो ग्रीन, पीजी ७. हा निळ्याकडे झुकलेला हिरवा आहे. पीजी ३६ पिवळ्याकडे झुकतो. त्यानेही फिरोजी होतो, पण तो लवकर पोपटी वाटेला लागतो, म्हणून हात आखडता ठेवावा लागतो.

पांढरा: टायटॅनियम व्हाइट, पीडब्ल्यू ६. हा झाकणारा आणि जोरकस आहे. नाजूक, अर्धपारदर्शक फिकट छटा हवी असेल तर झिंक व्हाइट, पीडब्ल्यू ४, जास्त चांगला. तो मिश्रणावर धाड घालत नाही.

दुरुस्तीसाठी: लेमन यलो (पीवाय ३) आणि बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी (पीबीआर ७). दोन्ही अगदी थोडे लागतात.

आता टाळायचं काय ते. सगळ्यात मोठा दोषी अल्ट्रामरीन, पीबी २९. हा सुंदर निळा आहे, पण त्यातला जांभळटपणा म्हणजे लपलेला लाल. हिरव्याशी गाठ पडली की तो लाल अंश हिरव्याला मारतो आणि सगळं राखाडी होतं. घरात सहसा हाच निळा असतो, म्हणून फिरोजी बिघडण्याचं पहिलं कारणही हाच असतो. थालो ब्लूची लालसर छटा, पीबी १५:१ किंवा १५:६, त्या मानाने सौम्य दोषी आहे, पण चकचकीत फिरोजीसाठी तीही नको. प्रशियन ब्लू, पीबी २७, हिरवट असला तरी मूळचाच मंद असतो. त्याने जुन्या, वापरलेल्या खड्याचा रंग छान येतो, घुमटावरच्या नव्या झिलईदार कौलाचा येत नाही.

तयार ‘टर्क्वाइज’ ट्यूब घ्यावी का? मागे क्रमांक पाहा. पीबी १५:३ आणि पीजी ७ दिसले तर ते आपण करणार आहोत तेच मिश्रण आहे, कधी पांढरा आधीच घातलेला. पीजी ५० किंवा पीबी ३६ असेल तर गोष्ट वेगळी. ही कोबाल्टची रंगद्रव्यं आहेत. एकाच द्रव्यातून येणारा, थोडा अपारदर्शक, अतिशय निर्मळ फिरोजी त्यांच्यातून मिळतो आणि मिश्रणाने तो हुबेहूब साधत नाही. जलरंगात ती कागदावर दाणेदार उतरतात, पाणी आणि दगड रंगवताना त्याचा फार उपयोग होतो. ती थालोपेक्षा महाग असतात. माझं मत असं, की रोज फिरोजी लागत असेल तर ही एक ट्यूब घ्यावी. अधूनमधून लागत असेल तर थालोची जोडी पुरते.

इशारा: कोबाल्टचे रंग वापरताना ब्रशचं टोक ओठात धरू नका आणि वाळलेला रंग घासून त्याची पूड उडवू नका.

## टप्पा ३: उजेड आणि पॅलेट

फिरोजी उजेडाला फार लवकर भुलतो. पिवळ्या बल्बखाली तो हिरवा दिसतो, म्हणून आपण निळा वाढवतो, आणि सकाळी पाहावं तर रंग आकाशी झालेला. दिवसा खिडकीजवळ बसा, पण थेट ऊन नको. रात्री काम करायचंच असेल तर ५००० ते ६५०० केल्विनचा, रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक ९० च्या वर असलेला दिवा वापरा.

पॅलेट पांढरी किंवा फिकट राखाडी असावी. लाकडी तपकिरी पॅलेटवर फिरोजी आहे त्याहून जास्त उजळ वाटतो आणि कागदावर गेला की निराशा होते.

पाण्याची दोन भांडी ठेवा, एक ब्रश धुण्यासाठी, एक स्वच्छ. मिसळण्यासाठी पॅलेट नाइफ, म्हणजे रंग कालवायची बोथट सुरी, घ्या. ब्रशच्या मुळाशी आधीचा लाल किंवा तपकिरी रंग दबून बसलेला असतो, आणि तेवढ्याने मिश्रण मळतं.

इशारा: थालो रंग कपड्यात आणि नखांत बसला की निघत नाही. जुना शर्ट घाला.

## टप्पा ४: पांढऱ्याशिवाय मूळ मिश्रण

आधी फक्त निळा आणि हिरवा. सुरुवातीला दोन भाग निळा, एक भाग हिरवा. दोन्ही रंगांचा जोर कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून हे प्रमाण फक्त निघण्याची जागा समजा.

अडचण अशी की हे मिश्रण इतकं गडद असतं की ते निळं आहे की हिरवं ते कळतच नाही. म्हणून नाइफच्या टोकावर किंचित घेऊन पांढऱ्या कागदावर घासून पातळ करा. कडेला जिथे थर अगदी पातळ होतो तिथे खरी छटा दिसते. इराणी घुमटासाठी निळा थोडा वाढवा, इजिप्त किंवा तिबेटसाठी हिरवा.

झुकाव इथेच पक्का करायचा. पांढरा घातल्यावर निळा-हिरवा तोल बदलायला गेलात तर प्रत्येक दुरुस्तीबरोबर ढीग वाढतो.

तपासणी: घासलेल्या पट्टीत जांभळटपणा दिसतो का? दिसला तर निळा चुकला आहे. पुढे जाऊ नका, टप्पा २ वर परत जा.

## टप्पा ५: पांढऱ्यात मूळ मिश्रण, उलट नव्हे

थालोचा जोर विलक्षण असतो. निळ्याच्या ढिगात पांढरा घालायला लागलात तर अख्खी ट्यूब पिळली तरी रंग फिकट होत नाही. म्हणून आधी पांढरा घ्या, जेवढा शेवटी लागेल जवळजवळ तेवढा, आणि त्यात मूळ मिश्रण मोहरीएवढं घाला. पूर्ण मिसळा. मग पुन्हा मोहरीएवढं.

‘पूर्ण मिसळा’ यावर मी अडून बसतो, कारण न मिसळलेली निळी गाठ ब्रशखाली फुटते आणि चित्रात मध्येच गडद फराटा उमटतो. नाइफने ढीग पसरवा, गोळा करा, उलटा करा, पुन्हा पसरवा. रेघा दिसेनाशा झाल्या की आणखी दोनदा तेच करा.

जलरंगात पांढरा नसतो, कागदच पांढरा असतो. तिथे हा टप्पा पाण्याने होतो. वाटीत स्वच्छ पाणी घ्या आणि त्यात मूळ मिश्रण थेंबाथेंबाने सोडा. क्रम तोच, फिकटाकडून गडदाकडे.

प्रमाणाबाबत एक गोष्ट: लागेल त्याच्या दीडपट करा. संपलेला फिरोजी पुन्हा तसाच जुळवणं हे या कामातलं सगळ्यात वैतागाचं काम आहे.

## टप्पा ६: पट्टी वाळेपर्यंत थांबा

ज्या कागदावर किंवा कॅनव्हासवर चित्र आहे त्याच्याच तुकड्यावर पट्टी ओढा. वर्तमानपत्राच्या कडेवर नको.

ॲक्रिलिक ओला असताना त्यातलं माध्यम दुधाळ असतं. वाळलं की ते पारदर्शक होतं आणि रंग गडद होतो. जलरंग याच्या उलट वाळून फिका पडतो. पोस्टर कलरमध्ये फिकट छटा बहुधा गडद होतात आणि गडद छटा फिकट. म्हणून ॲक्रिलिकमध्ये हव्या त्या छटेपेक्षा एक पायरी फिकट, जलरंगात एक पायरी गडद कालवा.

घाई असेल तर केस वाळवायच्या यंत्राने पट्टी वाळवा. पण ओल्या पट्टीवरून निर्णय घेऊ नका.

तपासणी: वाळलेली पट्टी आधी खिडकीजवळ पाहा आणि मग जिथे चित्र लागणार आहे तिथल्या दिव्याखाली. दोन्हीकडे ती पहिल्या टप्प्यातल्या वाक्याला उतरली पाहिजे. दोन्हीकडे सारखी दिसणार नाही, ते ठीक आहे.

## टप्पा ७: बिघाड आणि दुरुस्ती

फार निळा झाला. थालो ग्रीनचा अगदी लहान अंश घाला. उबदार, मऊ फिरोजी हवा असेल तर हिरव्याऐवजी लेमन यलो. केशरीकडे झुकलेला पिवळा घालू नका, त्यातही लाल असतो.

फार हिरवा झाला. थालो ब्लू घाला, पण आधी थोड्या पांढऱ्यात फिका करून. थेट ट्यूबमधून घातला तर तोल दुसऱ्या टोकाला जातो.

मळकट झाला. हा सुधारत नाही. लाल अंश आत गेला की तो काढता येत नाही, वर कितीही चांगला रंग घाला. ढीग बाजूला ठेवा, सावल्यांसाठी वापरा, आणि स्वच्छ नाइफने नव्याने सुरुवात करा. यात रंग वाया जाईल म्हणून जीव तुटतो, पण वाचवायला गेलं की दुप्पट वाया जातो.

फार भडक झाला. थालोचा फिरोजी चित्रात ओरडतो. त्याला शांत करायला काळा घालू नका, काळ्याने रंगाचा जीव जातो. बर्न्ट सिएनाचा ब्रशच्या टोकावर येईल तेवढा अंश पुरतो. तो विरोधी बाजूचा रंग असल्याने भडकपणा उतरतो आणि छटा जिवंत राहते. इथे लाल अंश आपण जाणूनबुजून, मोजून घालतो आहोत. न मोजता आला की त्यालाच मळ म्हणतात.

खडूसारखा झाला. पांढरा जास्त झाला. मूळ मिश्रण वाढवून पाहा. तरी चमक येत नसेल तर पुढचा टप्पा हाच त्याचा खरा उपाय आहे.

## टप्पा ८: कौलाची आणि काचेची चमक हवी असेल तर दोन थर

घुमटावरच्या कौलांचा किंवा इजिप्शियन फायन्सचा, म्हणजे काचेरी झिलईच्या भाजीव वस्तूंचा, फिरोजी आतून उजळल्यासारखा दिसतो. तिथे तांब्याचा रंग वरच्या काचेरी झिलईत असतो आणि खालचं अंग फिकट असतं. प्रकाश झिलईतून आत जातो, खालून परततो आणि रंग घेऊन बाहेर येतो. पांढरा मिसळलेला रंग हे करू शकत नाही, कारण त्यातला पांढरा प्रकाशाला वरच अडवतो.

म्हणून पांढरा मिसळायचा नाही, तो खाली घालायचा.

१. जागा टायटॅनियम व्हाइटने गुळगुळीत रंगवा. ब्रशचे ओरखडे राहिले तर वरच्या थरात ते गडद रेषा होऊन दिसतात.

२. पूर्ण वाळू द्या. बोट लावल्यावर थंड लागत असेल तर आत ओल आहे.

३. टप्पा ४ मधलं मूळ मिश्रण ग्लेझिंग मीडियममध्ये, म्हणजे रंग पारदर्शक पातळ करणाऱ्या माध्यमात, कालवा. मीडियम बरंच, रंग अगदी थोडा.

४. रुंद मऊ ब्रशने एक पातळ थर द्या आणि हात काढून घ्या. अर्धवट वाळलेल्या थरावर पुन्हा ब्रश फिरवला की तो उचलला जातो.

५. वाळल्यावर पाहा. गडद हवा असेल तर दुसरा पातळ थर. एक जाड थर कधीच नको.

खड्यावरच्या रेषा या थरानंतर, बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाने, बारीक ब्रशने. रेषा सारख्या जाडीच्या काढू नका. खड्यातली भेग कुठे रुंदावते, कुठे विरते.

इशारा: जलरंगात थालो कागदात मुरतो, पुसून उजळ जागा काढता येत नाही. जिथे पांढरं ठेवायचं तिथे आधीच राखून ठेवा. कोबाल्टचा फिरोजी त्या मानाने सहज उचलला जातो.

## टप्पा ९: शेजारचे रंग लावून मगच शेवटचा निर्णय

पट्टीवर अचूक दिसलेला फिरोजी चित्रात वेगळाच दिसू शकतो. गडद निळ्याच्या शेजारी तो हिरवट वाटतो, हिरव्याच्या शेजारी निळा. तांबूस किंवा शेंदरी रंगाजवळ तो पेटून उठतो. म्हणून शेजारचे रंग आधी लावून घ्या. मग फिरोजीच्या पट्टीचा तुकडा कापून त्या जागेवर धरून पाहा. बदल करायचा तो त्यानंतर, आणि शक्यतो शेजारच्या रंगात करा, फिरोजीत नव्हे.

## टप्पा १०: पडदा, छपाई आणि फोटो

पडद्यावर ‘टर्क्वाइज’ या प्रमाणित नावाने जो रंग येतो त्याची मूल्यं लाल ६४, हिरवा २२४, निळा २०८ अशी आहेत. गडद प्रकारात ०, २०६, २०९ आणि फिकटात १७५, २३८, २३८. पडदा स्वतः प्रकाश देतो, त्यामुळे ही चमक रंगात किंवा शाईत जशीच्या तशी उतरत नाही. पडद्यावरचा नमुना समोर ठेवून रंग जुळवत बसू नका. छापील किंवा रंगवलेला नमुना घ्या.

छपाईला देताना सायनच्या (निळसर शाईच्या) जोडीला थोडा पिवळा ठेवा आणि मॅजेंटा (गुलाबी-लाल शाई) शून्यावर आणा. शाईतही लाल अंशाने तोच मळ येतो. पडद्यावरून रूपांतर करताना मॅजेंटा आपोआप शिरतो, म्हणून आकडे हाताने तपासा आणि आधी एक नमुना छापून घ्या.

फोटो काढताना फोनमधला रात्रीचा पिवळसर पडदा बंद करा, चित्राच्या कडेला कोरा पांढरा कागद ठेवा, आणि नंतर त्या कागदावरून पांढऱ्याचा तोल साधा. कागद पांढरा दिसला की फिरोजीही जवळपास खरा दिसतो.

उरलेलं मिश्रण घट्ट झाकणाच्या डबीत भरा. ॲक्रिलिकवर पाण्याचा हलका फवारा मारा. झाकणावर वाळलेल्या पट्टीचा तुकडा चिकटवा आणि रंगद्रव्यांचे क्रमांक व प्रमाण लिहा. डबीतला ओला रंग पाहून छटा ओळखता येत नाही, पट्टीवरून येते.